प्लेअर ते रिसीव्हर: कुठली वायर लावू? आणि तंबोऱ्याला पाचवी तार कुठून आली?

तिसरी घंटा
शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी या विभागात नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मामा जर्मनीहून कायमचा परत आला आणि सामान आवरताना त्याचा डिस्क प्लेअर आमच्या गळ्यात, म्हणजे कोथरूडच्या हॉलमध्ये आला. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, सुपर ऑडिओ सीडी, जे घालाल ते खातो. पाठीमागे मात्र नुसती भोकंच भोकं. एचडीएमआय आहे, छोटं झाकण असलेलं ऑप्टिकल आहे, नारिंगी रंगाचं कोॲक्सिअल आहे, लाल-पांढरी जोडी आहे आणि शिवाय सहा भोकांची एक रांग, वर ५.१ लिहिलेलं. आमचा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्पचा डबा) सात-आठ वर्षांचा आहे, त्याच्याही मागे हे सगळं आहे. खाली एक सबवूफर.

बसवायला आलेल्या मुलाने प्लेअरची एचडीएमआय थेट टीव्हीला लावली, आवाजासाठी लाल-पांढरी वायर रिसीव्हरला लावली, "मॅडम, हेच बेस्ट" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आमच्याकडे जास्त करून शास्त्रीय ऐकलं जातं. आईने कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांच्या दुकानातून वर्षानुवर्षे एकेक करून घेतलेल्या सीडी आहेत. भाऊ आला की सिनेमे. आणि मामाच्या दहा-बारा सुपर ऑडिओ सीडी, बहुतेक वाद्यवृंदाच्या.

अडचण अशी की काल आईने एक ख्याल लावला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "तंबोऱ्याला पाचवी तार लागलीय, आणि ती बेसूर आहे." मला आधी कळेना. मग कान देऊन ऐकलं, तर खरंच मागे एक घूंSSS आहे. डिस्क थांबवली तरी आहे. आई गाणं शिकलेली आहे, तिला आता दुसरं काही ऐकूच येत नाहीये.

तर कुठली वायर लावू? महाग केबल आणावी लागेल का?

भिंतीला कान
शनिवार, रात्री ११.१५

लाल-पांढरीच ठेवा. त्या मुलाचं बरोबर आहे. अशा प्लेअरमध्ये बहुधा रिसीव्हरपेक्षा चांगला डॅक असतो, तो वापरायचा सोडून डिजिटल का पाठवायचं? फक्त डब्यात फुकट आलेली ती नूडल्सछाप वायर काढा आणि जरा जाड, चांगल्या कवचाची घ्या. घूं जाईल.

पंचाहत्तर ओहम
शनिवार, रात्री ११.५०

कानसाहेब, घूं वायरीच्या जाडीने जाईलच असं नाही. त्यावर नंतर येतो.

तिसरी घंटा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग भोकांची भीती जाईल. डिस्कवर आकडे असतात. स्पीकरला वीज लागते. आकड्यांची वीज कुठल्यातरी डब्यात करावीच लागते, त्या चिपला डॅक म्हणायचं. वायर निवडणं म्हणजे खरं तर हे काम प्लेअरने करायचं की रिसीव्हरने, एवढंच ठरवणं. लाल-पांढरी किंवा ती सहा भोकं वापरलीत तर प्लेअर करतो. एचडीएमआय, ऑप्टिकल, कोॲक्सिअल यांपैकी काहीही लावलंत तर आकडे तसेच पुढे जातात आणि रिसीव्हर करतो.

तांबं, चांदी, सोन्याचा मुलामा हे सगळं त्यानंतर. बऱ्याचदा कधीच नाही.

आता कानसाहेबांच्या म्हणण्यात एक मेख आहे. आजकालचे बहुतेक रिसीव्हर लाल-पांढरीतून आलेला आवाज तसाच पुढे सोडत नाहीत. तो पुन्हा आकड्यांत करतात, त्यावर खोलीप्रमाणे आवाजाची दुरुस्ती, सबवूफरला खालच्या सुरांची वाटणी वगैरे संस्कार करतात आणि पुन्हा वीज करतात. म्हणजे प्लेअरने मेहनतीने केलेली भाकरी मोडून पुन्हा पीठ करायचं आणि पुन्हा भाकरी थापायची. हे टाळायचं तर रिसीव्हरवर 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट' नावाचं बटण असतं ते दाबावं लागतं. मग सबवूफर बऱ्याचदा गप्प होतो आणि खोलीची दुरुस्तीही जाते. ते चालणार असेल तरच लाल-पांढरीला अर्थ.

भिंतीला कान
रविवार, सकाळी ७.३०

डायरेक्टचा मुद्दा मान्य, लिहायचा राहिला. माझ्याकडे नुसता दोन चॅनेलचा ॲम्प आहे, त्यात ही आकड्यांची भानगडच नाही, म्हणून मी त्याच अंगाने विचार केला. माझ्या सेटअपला लाल-पांढरी योग्यच आहे, यावर मी ठाम.

पंचाहत्तर ओहम
रविवार, सकाळी ८.०५

त्या सेटअपला १०० टक्के योग्य. वाद मिटला, पोहे खायला मोकळे.

पेठेतली मनी
रविवार, सकाळी ९.२०

ताई, महाग केबलचं विचारलंत म्हणून. कोॲक्सिअलसाठी ७५ ओहमची वायर लागते, आणि जुन्या व्हीसीडी प्लेअरची पिवळ्या पिनांची व्हिडिओ वायर ७५ ओहमचीच असते. घरात एखाद्या खोक्यात नक्की सापडेल. मी गेली पाच वर्षं तीच वापरतेय. नाहीच सापडली तर तापकीर गल्लीत जा, पण 'डिजिटल कोॲक्सिअल' असं म्हणू नका, नुसती 'व्हिडिओ वायर' मागा. नाव बदललं की भाव बदलतो.

एक काळजी घ्या: प्लेअरच्या नारिंगी भोकातून निघालेली वायर रिसीव्हरच्या लाल किंवा पांढऱ्या भोकात घालू नका. पिन अगदी फिट बसते, पण रिसीव्हर त्या आकड्यांनाच आवाज समजतो आणि जे काही बाहेर येतं त्याने माझं मांजर दोन दिवस पलंगाखाली होतं.

तिसरी घंटा
रविवार, दुपारी १२.४५

मने, आमच्याकडे पिवळी वायर सापडली नाही, पण भावाच्या जुन्या साऊंडबारची ऑप्टिकल सापडली. लावली. घूं गेलं! आई खूश. प्लेअरच्या भोकातून लाल दिवा दिसतो हे बघून बाबाही खूश.

पण मामाची सुपर ऑडिओ सीडी लावली तर पूर्ण शांतता. प्लेअरवर वेळ पुढे सरकतेय, आवाज शून्य. डिस्क बदलून पाहिली, तेच. मामाला फोन केला तर म्हणाला, "तिकडे चालत होतं, तुमच्या पुण्याच्या हवेत काहीतरी आहे."

पंचाहत्तर ओहम
रविवार, दुपारी १.१०

हवा निर्दोष आहे. सुपर ऑडिओ सीडी १९९९ मध्ये आली तेव्हाच ठरलेलं होतं की तिचा मूळ डिजिटल आवाज ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअलमधून बाहेर सोडायचा नाही. कॉपीची भीती. साध्या सीडीत १६ बिटांचे आकडे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असतात. हिच्यात एकच बिट, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. पद्धतच वेगळी, तिला डीएसडी म्हणतात.

तुमच्यापुढे तीन वाटा. डिस्क 'हायब्रिड' असेल तर तिच्यातच साध्या सीडीचा एक थर असतो, प्लेअरच्या मेनूत 'सीडी लेयर' निवडा, ऑप्टिकलमधून वाजेल. पण मग ती साधी सीडीच झाली. दुसरी वाट लाल-पांढरी किंवा सहा भोकं. तिसरी, आणि तुमच्यासाठी मला योग्य वाटते ती, एचडीएमआय प्लेअरमधून थेट टीव्हीला न नेता आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून टीव्हीला न्या. सुपर ऑडिओ सीडीचा आवाज एचडीएमआयमधून नेण्याची सोय २००५ च्या १.२ आवृत्तीपासून आहे. रिसीव्हरला डीएसडी समजत नसेल तर प्लेअरच्या मेनूत 'डीएसडी'ऐवजी 'पीसीएम' (साध्या सीडीच्या पद्धतीचे आकडे) करा. तो भाषांतर करून पाठवेल.

जुनाबाजार
रविवार, दुपारी ३.३०

सिनेमासाठीही एचडीएमआयच. ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल हे ८० च्या दशकातलं काम आहे, दोन चॅनेलच्या सीडीसाठी काढलेला रस्ता. सीडीचे सेकंदाला साधारण १४ लाख बिट त्यातून आरामात जातात. डीव्हीडीचं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएससुद्धा जातं, कारण ते दाबून बसवलेलं असतं. पण ब्लू-रेवरचं ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्यातून जात नाही. प्लेअर गुपचूप हलकं रूप पाठवतो आणि तुम्हाला कळतही नाही.

रच्याकने, भाऊ ॲटमॉसवाला (छतातूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) असेल तर प्लेअरमध्ये 'बिटस्ट्रीम' निवडा. 'पीसीएम' ठेवलं तर प्लेअर स्वतः उलगडून पाठवतो आणि ॲटमॉसची छतावरची माहिती वाटेत गळते. शिवाय 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' नावाची एक खोडी असते. ती चालू राहिली तर मेनूची टिकटिक मिसळण्यासाठी प्लेअर मूळ आवाज खाली उतरवतो. बंद करा. माझ्या एका ओळखीच्यांकडे चार महिने सगळे 'तुझ्या रिसीव्हरला ॲटमॉस येतच नाही' म्हणत होते, निघालं हे.

आणि मामाचा प्लेअर जर्मनीतला आहे. तिकडचा ब्लू-रे विभाग बी, आपला सी. डीव्हीडीत तिकडे २, आपल्याकडे ५. इथे घेतलेली एखादी डिस्क 'चालणार नाही' म्हणाली तर वायरीवर राग काढू नका. सीडी आणि सुपर ऑडिओ सीडीला विभागाची भानगड नाही.

शंकासूर
रविवार, संध्याकाळी ६.००

मी वाचत होतो. मग प्लेअर टीव्हीला तसाच ठेवून टीव्हीतून ऑप्टिकल रिसीव्हरला नेली तर? एकच वायर हलवायची.

जुनाबाजार
रविवार, संध्याकाळी ६.२०

चालतं, पण टीव्ही मधला दलाल होतो. बरेच टीव्ही बाहेरून आलेला आवाज पुढे देताना नुसता स्टिरिओ करून देतात. रिसीव्हरला भोक असताना दलाल कशाला?

आलाप-जोड
रविवार, रात्री ९.१५

मला त्या पाचव्या तारेत रस आहे. तिसरी घंटा, आईंना विचाराल का, ती सीडी कुठल्या सुरात आहे आणि ती घूं कुठल्या स्वरावर वाटत होती?

तिसरी घंटा
रविवार, रात्री ९.५०

विचारलं. उत्तर जसंच्या तसं: "काळी एक. आणि तो घूं मंद्र पंचमाच्या जरा खाली होता. धड पंचम नाही, धड तीव्र मध्यम नाही. असा तंबोरा लावला असता तर आमच्या गुरुजींनी खुंटी नाही, कान पिळला असता."

आलाप-जोड
रविवार, रात्री १०.३०

आईंना साष्टांग. आता गणित बघा.

काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) म्हणजे षड्ज १३८-१३९ हर्ट्झच्या आसपास. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाला लावतात, तो षड्जाच्या पाऊणपट, म्हणजे १०४ हर्ट्झ. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिची घूं ५० वर असते, आणि तिच्या दुपटीवर, १०० वरही. छोट्या स्पीकरमधून ५० फारसं ऐकू येत नाही, १०० येतं. मंद्र तीव्र मध्यम ९७-९८ वर आहे. म्हणजे १०० हर्ट्झ हा नेमका पंचम आणि तीव्र मध्यम यांच्या मधे लोंबकळतो. शिवाय खऱ्या १०४ च्या तारेशेजारी तो १०० चा सूर लागला की सेकंदाला चार हेलकावे उठतात. आईंनी वीजमंडळाचा सूर ओळखला!

पेठेतली मनी
रविवार, रात्री १०.४५

हे वाचून मी सीडी लावायला उठले. आमच्याकडे घूं नाही, पण आता मला ऐकू यायला लागलीय.

पंचाहत्तर ओहम
रविवार, रात्री ११.२०

वा. आलाप-जोड, हे मला कधी सुचलं नसतं.

आता घूं येते कुठून ते सांगतो. तिसरी घंटा, तुमच्याकडे टीव्हीला केबलवाल्याचा सेटटॉप बॉक्स आहे ना? ती काळी केबल इमारतीबाहेरून येते, तिच्या कवचाची अर्थिंग कुठेतरी लांब, खांबावर किंवा गच्चीवर. तुमच्या सबवूफरला तीन पिनांचा प्लग असेल, त्याची अर्थिंग घरातली. दोन्ही जमिनी तंतोतंत सारख्या कधीच नसतात, त्यामुळे थोडा प्रवाह एकीकडून दुसरीकडे जायला वाट शोधतो. तुमच्याकडे त्याला वाट मिळाली: केबल, सेटटॉप बॉक्स, टीव्ही, एचडीएमआय, प्लेअर, आणि मग लाल-पांढरीचं कवच, रिसीव्हर, सबवूफर. लाल-पांढरीत कवच हाच आवाजाचा परतीचा रस्ता असतो, म्हणून तो प्रवाह आवाजातच मिसळला. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, नुसता प्रकाश. साखळी तुटली, घूं गेली. जाड वायर लावून कदाचित कमी झाली असती, गेली नसती.

भिंतीला कान
सोमवार, सकाळी ७.४०

मान्य. जाड वायरीचे पैसे वाचले म्हणा.

जुनाबाजार
सोमवार, सकाळी ८.१५

एक गंभीर सूचना. घूं घालवायला कुणी 'तिसरी पिन काढून टाका' म्हणालं तर ऐकू नका. घूं जाते, पण उद्या सबवूफरमध्ये काही बिघडलं तर त्याच्या अंगावरची वीज जमिनीत जाण्याऐवजी तुमच्यातून जाईल. माझ्या एका मित्राने पिन मोडली होती. पावसाळ्यात ओल्या हाताने व्हॉल्यूम फिरवायला गेला आणि असा झटका बसला की दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेतलं.

तिसरी घंटा
सोमवार, रात्री ९.३०

अपडेट. भावाने आज सगळं तुम्ही सांगितलं तसं लावलं. प्लेअरची एचडीएमआय रिसीव्हरला, रिसीव्हरची टीव्हीला. मामाची सुपर ऑडिओ सीडी वाजली! आधी नाही वाजली, मग 'डीएसडी'चं 'पीसीएम' केलं आणि वाजली. मामाला फोनवर ऐकवली. तो म्हणाला, "बास जास्त आहे." म्हटलं, मामा, तू फोनवर ऐकतोयस.

पण घूं थोडी परत आलीय. स्पीकरमधून नाही, सबवूफरमधून. आवाज पूर्ण कमी केला तरी तेवढीच.

पंचाहत्तर ओहम
सोमवार, रात्री ९.५५

छान निरीक्षण, अर्धं निदान त्यातच आहे. लाल-पांढरीतून शिरलेली घूं रिसीव्हरच्या व्हॉल्यूमच्या आधी शिरते, म्हणून आवाज वाढवला की तीही वाढते. जी तेवढीच राहते ती व्हॉल्यूमच्या नंतर शिरलीय. रिसीव्हर ते सबवूफर ही वायर साधी ॲनालॉग आहे आणि साखळी आता टीव्हीवरून एचडीएमआयने रिसीव्हरला पोचून तिच्यातून पुरी होतेय.

खात्री करायला सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची पिन पिळून काढा. थांबली तर गुन्हेगार तीच.

तिसरी घंटा
सोमवार, रात्री १०.२०

काढली. थांबली. एकदम, म्हणजे कोणीतरी पंखा बंद केल्यासारखी.

पण बाबांची मालिका चालू होती. आता घरात दुसरी घूं चालू झालीय.

पेठेतली मनी
सोमवार, रात्री १०.२५

😂😂 हिला आयसोलेटर नाही.

पंचाहत्तर ओहम
सोमवार, रात्री १०.४०

पहिलीला आहे. केबलवाल्याची तार आणि बॉक्स यांच्यामधे बसतो असा छोटा 'ग्राउंड लूप आयसोलेटर' मिळतो. चित्र त्यातून पुढे जातं, जमिनीचा प्रवाह अडतो. फक्त हा केबलवाल्यांसाठी. गच्चीवर छत्री असलेल्या डीटीएचला लावू नका. छत्रीला वीज त्याच वायरीने वर जाते, ती अडेल आणि चित्रच जाईल.

शंकासूर
मंगळवार, सकाळी १०.००

शेवटचा प्रश्न. मग ऑप्टिकल, कोॲक्सिअल, एचडीएमआय, साध्या सीडीसाठी आवाज कशाने चांगला येतो? तिन्हीत आकडेच जातात ना?

भिंतीला कान
मंगळवार, सकाळी १०.३०

मी यावर घरी चाचणी केली आहे आणि प्रामाणिकपणे सांगतो, तोंडावर पडलो. ॲम्पवाल्या खोलीतला नव्हे, मुलाच्या खोलीतला रिसीव्हर. बायकोला वायर निवडायला लावली, मी पाठ करून बसलो. कोॲक्सिअल आणि ऑप्टिकल मला ओळखता आलं नाही. लाल-पांढरी मात्र पहिल्यांदा दर वेळी ओळखली आणि 'हीच मोकळी' असं जाहीर केलं. मग मुलाने फोनवर आवाजाची पातळी मोजली, तर लाल-पांढरी थोडी मोठ्याने वाजत होती. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. पातळी सारखी केल्यावर माझी ओळख निम्म्यावर आली, म्हणजे नाणं उडवावं तशी.

तरी माझ्या खोलीत लाल-पांढरीच राहणार.

पंचाहत्तर ओहम
मंगळवार, सकाळी ११.०५

हे इथे लिहायला धैर्य लागतं, कानसाहेब. _/\_

सीडीसाठी मी सोय बघेन. ऑप्टिकलने घूंची भीती जाते, पण वायर कोपऱ्यात फार वाकवू नये आणि भोकाचं झाकण फेकू नये, धूळ बसते. कोॲक्सिअल त्या मानाने दणकट. एचडीएमआयने सगळं एकाच वायरीत.

तिसरी घंटा
शुक्रवार, रात्री ८.५०

आयसोलेटर आला, लावला. बाबांची मालिका परत, सबवूफर शांत. आईने ती काळी एकची सीडी मुद्दाम पुन्हा लावली, डोळे मिटून पंधरा मिनिटं ऐकली आणि म्हणाली, "चारच तारा आहेत."

आता एक राहिलं. आई पहाटे पाचला सीडी लावते. एचडीएमआयने लावली की टीव्ही आपोआप चालू होतो आणि हॉलमध्ये झोपलेला मामा (सध्या आमच्याकडे राहायला आलाय) दचकून उठतो. काय करू?

पंचाहत्तर ओहम
शुक्रवार, रात्री ९.०५

ती ऑप्टिकल काढली नाहीत ना? तीही लावून ठेवा, एचडीएमआयसोबत. रिसीव्हरच्या मेनूत 'सीडी' या बटणाला ऑप्टिकल जोडून द्या आणि प्लेअरच्या मेनूत 'एचडीएमआय कंट्रोल' बंद करा. आईंनी सीडी लावताना 'सीडी' दाबायचं, भावाने सिनेमा लावताना 'ब्लू-रे'.

तिसरी घंटा
शनिवार, सकाळी ६.१०

केलं. टीव्ही बंद राहिला. मामा उठलाच, पण तो भटियार राग ऐकून उठला.